नेलपॉलिशची रेघ

गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा तिच्यावर काय काय लावलंय याची यादी विकणाऱ्याने मोठ्या कौतुकाने ऐकवली होती. दोन जादा दिवे, मोबाइलचा चार्जर, हँडल उंच करणारे रायझर, उंच काच, मागे रॅक, त्यावर डिकी. "टूरिंगला एकदम रेडी आहे, नुसतं पेट्रोल टाका आणि निघा." चारशे सीसी, एक सिलिंडर, मीटरवर 31,400 किलोमीटर. शनिवारी संध्याकाळी घरी आणली. रविवारी पुसली, चारही बाजूंनी न्याहाळली, पुन्हा पुसली. सोमवारी सकाळी स्टार्टर दाबला तर 'टक्' एवढाच आवाज.

धाकटी बहीण हेल्मेट हातात धरून उभी होती. "ताई, रेडी आहे ना गं?"

आम्हा दोघींना नऊ आठवड्यांनी अठरा दिवसांच्या प्रवासाला निघायचं होतं. तोवर माझं गाडीचं ज्ञान म्हणजे चेनला ल्यूब मारणं आणि ऑइल बदलणं. आपल्याला यावर आणखी काय काय लावता येईल याचे बेत मी करत होते. प्रत्यक्षात पुढचे नऊ रविवार गेले ते बहुतेक लावलेलं काढण्यात.

बॅटरी चार्ज केली. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर लावला तर 12.7 व्होल्ट, म्हणजे ठीक. गाडी चालू करून चार हजार आरपीएमला 14.2, म्हणजे चार्जिंगही होतंय. तर मग गाडी बंद असताना कोणीतरी गुपचूप करंट पीत होतं. ते मोजायला बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि ती वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्यामध्ये मीटर जोडायचा, दहा अँपिअरच्या भोकात पिन घालून. असा मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, स्टार्टर तर मुळीच दाबायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. (माझा उडाला. म्हणून सांगतेय.)

दुसरा फ्यूज आणून पुन्हा जोडलं. 0.18 अँपिअर. घड्याळाला आणि ईसीयूला (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) एखाददोन मिलिअँपिअर लागतात हे मान्य, पण इथे तब्बल 180. बॅटरी 8 अँपिअर-अवरची. भागाकार केला तर चव्वेचाळीस तासांत पूर्ण रिकामी, आणि स्टार्टर फिरेनासा व्हायला तेवढाही वेळ लागत नाही. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. हिशेब जुळला.

मग फ्यूजबॉक्समधला एकेक फ्यूज उपटून मीटरकडे बघत बसले. ज्या फ्यूजने आकडा पडेल त्या वाटेवर चोर, अशी ती पद्धत. सगळे फ्यूज काढून झाले, आकडा 0.18 वरून हलला नाही. म्हणजे पिणारा फ्यूजबॉक्सच्या वाटेने येतच नव्हता. तो थेट बॅटरीवर बसला होता.

टाकी उचलली. खाली काळ्या इन्शुलेशन टेपचं एक भेंडोळं होतं, उन्हाने आणि इंजिनच्या गरमीने चिकट झालेलं. टेप सोडवताना बोटं काळी झाली. आत एक साधा रिले. गाडी आदल्या रात्रीपासून बंद, इंजिन गार, आणि हा रिले हाताला कोमट लागला. नुकत्याच रिकाम्या झालेल्या चहाच्या कपासारखा. दोन दिवस मीटरवरचे आकडे बघत होते, पण कळलं ते त्या क्षणी, तर्जनीच्या टोकाला.

रिलेला चार पाय असतात: 30, 87, 85, 86. पहिल्या दोघांतून दिव्याचा मोठा करंट जातो. उरलेल्या दोघांमध्ये एक बारीक कॉइल असते, तिला वीज मिळाली की आतला खटका बसतो आणि मोठा रस्ता उघडतो. रिले लावण्याचं कारणच हे की हँडलवरच्या नाजूक बटणातून फक्त कॉइलचा चिमूटभर करंट जावा. आधीच्या मालकाने 30 आणि 86 दोन्ही थेट बॅटरीला जोडले होते आणि बटण 87 च्या पुढे, दिव्यांच्या वायरीवर बसवलं होतं. म्हणजे कॉइल चोवीस तास चालू, आणि दिव्यांचा सगळा करंट त्या बिचाऱ्या बटणातूनच. रिले असून नसल्यासारखा, वर बॅटरी पिणारा. कॉइलचे दीडशे मिलिअँपिअर आणि उरलेले चार्जरच्या व्होल्टमीटरचे, तोही थेट बॅटरीवरच. आणि या सगळ्यात फ्यूज एकही नाही. हँडलच्या मानेपाशी, जिथे हँडल वळताना वायर दर वेळी वाकते, तिथे एका लाल वायरीचं प्लास्टिक घासून तांबं दिसत होतं. ते फ्रेमला टेकलं असतं तर काय झालं असतं, हे टाकीच्या खाली बघताना सुचावं यात काही मजा नव्हती.

सगळं उपटून फेकलं आणि नव्याने केलं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून वायर जिथे सुरू होते तिथेच तो हवा. तिथून 30. 87 वरून दिवे. 86 ला करंट मागच्या दिव्याच्या वायरीवरून, म्हणजे चावी फिरवल्याशिवाय काही नाही, आणि मधे हँडलवरचं बटण. 85 अर्थला. दिवे प्रत्येकी वीस वॅटचे. दोन्ही मिळून चाळीस, भागिले बारा, सव्वातीन-साडेतीन अँपिअर. फ्यूज 7.5 चा, वायर दीड चौरस मिलिमीटरची. जोड सोल्डर केले नाहीत, क्रिंप केले, म्हणजे धातूची टोपी घालून पकडीने दाबले. सोल्डर छान चकचकीत दिसतं, पण ते तारेत झिरपून तिला कडक करतं, आणि सतत थरथरणाऱ्या गाडीत तार नेमकी त्या कडक भागाच्या काठावर तुटते. चार्जरही त्याच वाटेवर घेतला. शेवटी मीटर जोडला: 0.002. बहिणीला हाक मारून दाखवला. तिने "बरं" म्हटलं.

हँडल रायझरचं प्रकरण याच रविवारी निघालं. वायर नीट वळतेय ना हे बघायला गाडी चालू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण फिरवलं आणि इंजिन आपोआप गुरगुरलं. सरळ केलं, शांत. पुन्हा डावीकडे, पुन्हा गुरगुर. हँडल चाळीस मिलिमीटर वर गेलं होतं, अॅक्सिलरेटरची केबल मात्र मूळ लांबीचीच. वळलं की ती ताणून थ्रॉटल उघडत होती. एखाद्या चिंचोळ्या घाटवळणावर, मागे सामान आणि माणूस असताना, हळूहळू वळत असतानाच गाडीने स्वतःहून पुढे उडी मारली असती. पुढच्या ब्रेकचा होजही उजवीकडे वळवताना तारेसारखा ताठ होत होता. लांब केबल, लांब होज घालून रायझर ठेवता आले असते. मी रायझरच काढले. माझी उंची आहे तेवढीच राहणार होती.

ब्रेकचं थोडक्यात सांगते. डबीतलं ब्रेक ऑइल गडद तपकिरी झालं होतं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, पाणी शोषलं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट 4 चं मानक ताज्याला किमान 230 अंश सांगतं, आणि पाणी मुरलेल्याला 155. उतारावर ब्रेक तापले की ते उकळतं आणि लिव्हर पोकळ होतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. लिव्हर दाब, धर, निपल (खालचा ऑइल सोडायचा स्क्रू) उघड, निपल बंद, लिव्हर सोड. याच क्रमाने, शंभरदा. बहीण लिव्हरवर, मी आठच्या रिंग पान्यासह खाली. "दाब." "दाबला." "सोड." टाकीवर ओली चादर टाकली होती, कारण हे ऑइल रंग खातं.

आता चेन, जिच्यात मी शहाणपणा केला.

520 नंबरच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर 15.875 मिलिमीटर. वीस कड्या ताणून मोजल्या तर नव्या चेनचं माप 317.5 यायला हवं. माझ्या मॅन्युअलमध्ये मर्यादा 319.4 ची. मला 321 मिळालं. मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, चेन बोटाने मागे ओढली तर दात दिसत होता. नवा संच आणला, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली तर ती फार दिवस नवी राहत नाही.

मी काय केलं, तर उत्साहाने आधी जुनी चेन कापली. रिव्हेट घासून, पिन दाबून बाहेर. ती जमिनीवर पडली तेव्हा मला फार कर्तबगार वाटलं. मग पुढच्या स्प्रॉकेटच्या नटला पाना लावला आणि नटासकट स्प्रॉकेटही फिरायला लागलं. फिरणारच! ते धरून ठेवायचा मार्ग म्हणजे मागचा ब्रेक, ब्रेक चाक धरतो, चाक चेनला धरतं, चेन स्प्रॉकेटला. मधला दुवा माझ्या पायाशी पडला होता. गियरमध्ये टाकून पाहिलं, इंजिन थोडं अडवतं आणि मग 'फुस्' करून फिरतं. तो नट शंभर न्यूटन-मीटरच्या (हे आवळण्याच्या जोराचं माप) आसपास आवळलेला, वर वॉशरची कड वाकवून बसवलेली.

प्रवासासाठी एक क्लिपवाली जोडकडी आणून ठेवली होती, रस्त्यात चेन तुटली तर असावी म्हणून. तिच्यावर जुनी चेन पुन्हा जोडली, चाकावर चढवली, बहीण मागच्या ब्रेकवर दोन्ही पायांनी उभी राहिली, मी पान्याला लोखंडी पाइप घालून लोंबकळले. नट 'कड्ड' करून सुटला तेव्हा आम्हा दोघींना वाटलं काहीतरी मोडलं. तेव्हा क्रम असा: आधी पुढचा नट सैल, मग चेन कापायची. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं होतं. पान उघडून समोरच होतं.

नवी चेन बसवल्यावर ताण. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून खेळ मोजायचा. माझ्या गाडीला 30 ते 40 मिलिमीटर. चाक फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधायची आणि तिथे मोजायचं, कारण चेन सगळीकडे सारखी नसते. सैल चेन खडखडते म्हणून लोकांना तिची भीती वाटते. मला घट्ट चेनची जास्त वाटते. मागे माणूस आणि सामान बसलं की स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वर येतो, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. तेव्हा तिच्यात खेळ उरला नाही तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो, आणि ते बेअरिंग बदलायला इंजिन उघडावं लागतं. म्हणून बहिणीला सामानासकट मागे बसवून पुन्हा मोजलं. स्विंगआर्मवरच्या खुणांवर न विसंबता दोन्ही बाजूंची अंतरं टेपने घेतली. डावी-उजवी खूण एक दाखवत होती, टेप दोन मिलिमीटरचा फरक.

ऑइल बदलणं हे मला येणारं काम, म्हणून तिथेच घात झाला. ऑइल जेएएसओ एमए2 या मोटरसायकलींसाठीच्या मानकाचं हवं, कारण क्लच त्याच ऑइलात भिजलेला असतो आणि कारच्या काही ऑइलांतल्या निसरड्या द्रव्यांनी तो घसरतो, एवढं मला पाठ होतं. फिल्टर घातला, झाकण लावलं. झाकणाचे तीन बोल्ट एम6 चे, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचे, दहाचा पाना. दोन आवळले. तिसरा आवळताना मनात आलं, प्रवासाला जातोय, जरा पक्का करू. पाना आधी जड लागला, मग अजून जड, आणि मग एकदम हलका. लोण्यात सुरी फिरावी तसा. आवाजही नाही. पोटात खड्डा पडतो तो त्या हलकेपणाने.

आटे गेले होते. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्याभोवती अॅल्युमिनिअमची बारीक स्प्रिंग गुंडाळून आली, भोकातले सगळे आटे. त्या बोल्टाला 10 न्यूटन-मीटर पुरतात. माझा टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की 'टक्' करणारा पाना) 20 पासून सुरू होत होता, म्हणून मी 'हाताच्या अंदाजाने' आवळत होते, आणि माझा हात त्या आठवड्यात स्प्रॉकेटच्या नटवर तयार झाला होता.

उपाय हेलिकॉइल. भोक 6.3 मिलिमीटरचं करायचं, त्यात खास टॅपने मोठे आटे पाडायचे आणि त्यात स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवायची, जिच्या आत पुन्हा एम6 चा बोल्ट जातो. ऐकायला सोपं. इंजिनच्या अंगाला ड्रिल लावताना माझा श्वास आपोआप थांबत होता. फिल्टरच्या खड्ड्यात चिंधी कोंबली. ड्रिल सरळ जावं म्हणून लाकडाच्या ठोकळ्याला आधी टेबलावर भोक पाडून तो वाटाड्या म्हणून धरला. किती खोल जायचं तिथे ड्रिलवर टेप गुंडाळली. ड्रिलला आणि टॅपला ग्रीस चोपडलं, म्हणजे कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कीस तोडत. गुंडाळी बसली, तिच्या बुडाची आडवी दांडी तोडली आणि नाकाडी पकडीने उचलली. त्या दांडीचा एवढासा तुकडा मी अजून एका डबीत ठेवलाय. एका बोल्टापायी अख्खा रविवार गेला. सोमवारी 5 ते 25 न्यूटन-मीटरचा छोटा टॉर्क रेंच आणला. तो पाच वर्षांपूर्वी आणायला हवा होता.

दोन आठवडे उरले तेव्हा पूर्ण सामान लादून, दोघी बसून दोनशे किलोमीटरची चक्कर मारली. त्याआधी वजन केलं. मॅन्युअल म्हणतं माणसं, सामान, रॅक, डिकी सगळं धरून 180 किलो. आम्ही दोघी जॅकेट-हेल्मेटसकट 129, सामान 34, रॅक आणि डिकी 9. म्हणजे 172. कागदावर बसत होतं. रस्त्यावर मात्र नव्वदच्या पुढे गाडी मंद डुलायला लागली, सापासारखी, मागून. डिकीत नऊ किलो होते, मागच्या अॅक्सलच्याही मागे आणि बरेच वर. तिथून ते पुढच्या चाकाचं ओझं हलकं करतात. डिकी काढून टाकली. सामान दोन बाजूंच्या कापडी पिशव्यांत खाली आणि पुढे ओढलं, हत्यारं सगळ्यात तळाशी. मागच्या स्प्रिंगचं प्रीलोड, म्हणजे आधीचा दाब, दोन खाचा वाढवलं, हवा मॅन्युअलच्या 'दोघांसाठी' रकान्याप्रमाणे भरली. डुलणं गेलं. रात्री भिंतीसमोर उभी करून पाहिलं तर वजनाने मागचा भाग बसून हेडलाइट आभाळाकडे बघत होता. तोही खाली केला.

पिशव्यांसाठी रॅक लागणारच होता. त्याचे चार एम8 बोल्ट खोलले तर फ्रेम आणि रॅकच्या मधे प्लास्टिकची जाड बुशं, म्हणजे बोल्टाभोवतीच्या नळकांड्या, निघाली. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू बसतं, आणि ते बसलं की बोल्ट न फिरताही सैल होतो. स्टीलच्या बुशांनी बदलायचं ठरवलं. माझ्याकडे तीनच होती. तीन लावली, निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद), टॉर्क रेंचचा 'टक्'. चौथ्याला जुनं प्लास्टिकच ठेवलं आणि तो पुन्हा खोलायचाच आहे म्हणून थ्रेडलॉकरही लावलं नाही. चौथं बुश आणायचं राहिलं. याला कारण काहीच नाही. राहिलं.

निघायच्या आदल्या रात्री बहिणीची लाल नेलपॉलिश मागून घेतली आणि गाडीवरच्या अठ्ठावीस नट-बोल्टांवर एकेक रेघ ओढली, अर्धी बोल्टाच्या डोक्यावर, अर्धी खालच्या धातूवर. बोल्ट फिरला की रेघ तुटते. पाना न लावता, नुसत्या नजरेने कळतं. बहिणीला म्हटलं, रोज सकाळी मी चेन आणि हवा बघेन, रेघा तू बघायच्या.

"म्हणजे मला सोपं काम."

"म्हणजे तुला डोळे चांगले आहेत."

पाच दिवस तिने मोजून अठ्ठावीस सांगितल्या. सहाव्या सकाळी मी गुडघ्यावर बसून चेनचा खेळ मोजत होते, 36 आला होता, आणि ती गाडीच्या पलीकडून म्हणाली, "ताई, हा फिरलाय."

उजवीकडचा, खालचा. रेघेचे दोन तुकडे घड्याळाच्या दोन काट्यांसारखे वेगळे झाले होते, साधारण एक आठवा फेरा. कोणता बोल्ट ते विचारायची मला गरज नव्हती. पिशव्या उतरवल्या, बोल्ट काढला, प्लास्टिकचं बुश एका बाजूने ताटलीसारखं चपटं झालं होतं. हत्यारांच्या पिशवीत एम8 चे स्टीलचे वॉशर होते, सहा एकावर एक रचले तेव्हा बुशाएवढी जाडी झाली. थ्रेडलॉकर, टॉर्क. पंचवीस मिनिटं. बहीण शेजारी दगडावर बसून बघत होती आणि तिने एकदाही विचारलं नाही की हा राहिला कसा.

रेघ ओढायला पुन्हा बाटली मागितली तर लाल घरीच राहिली होती. तिच्याकडे निळी होती.

एकूण 4,300 किलोमीटर झाले. परत आल्यावर गाडी धुतली आणि रेघा मोजल्या. सत्तावीस लाल, एक निळी, सगळ्या अखंड. स्टीलचं चौथं बुश आणलंय. निळा बोल्ट या रविवारी खोलणार आहे.